शीग

मंगळवारी पहाटे, फाटक उघडायच्या चार तास आधी,
दोन माणसं शिडी घेऊन आली
आणि सात नंबरच्या काउंटरवरून लहान पेला उचलून नेला.
'लहान' हा शब्द मात्र फलकावर तिथेच राहिला.
त्याच्याखाली कालचा मध्यम येऊन उभा राहिला,
मध्यमच्या खाली कालचा मोठा,
आणि मोठ्याच्या जागी एक बादली,
जिच्यावर छापलं होतं 'साहसवीर'.

किंमत वर सरकली. पेल्याचं बूडसुद्धा.
मिर्लांदने एक पेला उपडा करून पाहिला.
खालच्या खोलगटात तिचा अंगठा
पहिल्या पेरापर्यंत आत गेला.
ती काही बोलली नाही, अंगठा ॲप्रनला पुसला.

मग कोर्टनीने आमची शिकवणी घेतली, पंधरा मिनिटं.
लहान बंद झाला असं म्हणायचं नाही.
म्हणायचं, आता तुम्हाला जास्त मिळतं.
'काय जास्त?' मिर्लांदने विचारलं.
तिचं इंग्रजी मोजकं, पण नेमकं.
कोर्टनीने हातातला कागद उलटून पाहिला.
मागची बाजू कोरी होती.

फ्लोरिडाच्या उन्हात भांडायला कुणाला त्राण नसतं.
टेनेसीहून आलेल्या एका बापाने
बोटांवर हिशोब केला, पुन्हा केला,
दोन लिंबूपाणी घेतली आणि चार नळ्या.
थोरल्या मुलीने आपली नळी धाकट्याच्या कानात घातली.
बाप हसला नाही.

तीन ते साडेतीन मिरवणूक, तेव्हा काउंटर ओस.
त्या अर्ध्या तासात मिर्लांद बर्फ फोडत सांगायची :
जाकमेलच्या बाजारात तिची आई घेवडा विकायची,
पत्र्याच्या डब्याने मापून.
डबा भरला की वर शीग.
शीग लागली की वर आणखी एक मूठ,
जिचे पैसे नाहीत.
त्या मुठीला आमच्यात नाव आहे, म्हणाली, देगी.
ती दिली नाही तर बाई पुढच्या शनिवारी
शेजारणीच्या टोपलीपाशी बसलेली दिसते.

मिस्टर प्रुइट आले ते मिरवणूक संपता संपता.
वर्षाचा पास, दर मंगळवार, चक्रपाळण्यासमोरचा बाक.
बायको होती तेव्हा ती पांढऱ्या घोड्यावर बसायची,
हे त्यांनी मला निदान सहा वेळा सांगितलं होतं.
डॉक्टरांनी आठवड्याला एकच गोड पेय मंजूर केलेलं :
एक लहान, बर्फाशिवाय.

मी नवा लहान भरून दिला.
त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला.
'हा नव्हे.'
'सर, हाच लहान.'
मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो,
फलकावर लिहिलेलं मला खरं वाटायचं.
ते म्हणाले, 'मग मीच आक्रसलो असेन.'

काउंटरखाली, हातमोज्यांच्या खोक्यामागे,
पाण्याचे पांढरे कागदी पेले असतात.
त्यांना नाव नाही, किंमत नाही, फलकावर जागा नाही.
मागितला तरच द्यायचा, असा नियम.
मिर्लांदने न मागता एक काढला
आणि त्यात लिंबूपाणी ओतत राहिली,
काठापर्यंत, मग काठाच्या थोडं वर.
पातळ पदार्थाला शीग लागत नाही
हे मलाही माहीत आहे.
पण क्षणभर ते तिथे उभं होतं,
केसाएवढं फुगून, न सांडता.
मशीनवर तिने दाबलं : पाणी, शून्य.

संध्याकाळी कोर्टनी पेले मोजते.
पेय कुणी मोजत नाही,
आणि कागदी पेले तर पेल्यांतही धरत नाहीत.

पुढच्या मंगळवारी प्रुइट ताठ उभे राहून म्हणाले,
'एक पाणी,' जरा जास्तच मोठ्याने,
आणि काउंटरवर तीन डॉलर दहा सेंट ठेवले,
जुन्या लहानाची अगदी नेमकी किंमत.
रोख घ्यायला आम्हाला बंदी होती.
त्या पैशांसाठी मशीनवर बटणही नव्हतं.
मिर्लांद माझ्याकडे बघत राहिली, मी चक्रपाळण्याकडे.

नाणं ॲप्रनच्या खिशात पडल्याचा आवाज आठवतो.
कुणाच्या ॲप्रनच्या, ते सांगणार नाही.